नवोदयची जागा राखीव, पण फॉर्म कोण भरतं?

पावसाळ्याच्या तोंडाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाची लिंक फिरू लागते आणि तिच्यामागोमाग दरवर्षीचे प्रश्न येतात. आमचं गाव नगरपंचायत झालं, मग मुलगी ग्रामीण धरायची की शहरी? एनटीचा, म्हणजे भटक्या जमातींचा, दाखला चालतो का? यंदा नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी परत बसवता येईल का? शेवटच्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो: नाही. सहावीसाठीच्या या परीक्षेला मुलाला आयुष्यात एकदाच बसता येतं.

हे प्रश्न कारकुनी वाटतात. पण जिल्ह्यातली कोणती मुलं ‘हुशार’ म्हणून निवडली जातात, याचा बराचसा फैसला परीक्षेच्या कितीतरी आधी, अशाच कारकुनी गोष्टींत होऊन गेलेला असतो. आदिवासी, दलित, भटके, ऊसतोड मजूर, शहरातले गरीब मुसलमान या घरांतली मुलं नवोदयपर्यंत का पोचत नाहीत, ते समजायचं असेल तर प्रश्नपत्रिकेच्या आधी फॉर्म बघायला हवा.

नवोदय म्हणजे काय, परीक्षा कशी असते

१९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीत. ग्रामीण भागातल्या हुशार मुलाला घरच्या ऐपतीकडे न बघता चांगलं निवासी शिक्षण मिळावं, हा हेतू. सहावी ते बारावी, सीबीएसई अभ्यासक्रम, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी घेतात. सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुलं यांना तोही माफ आहे. सरकारी नोकरांच्या मुलांना मात्र जास्त भरावा लागतो.

पाचवीत शिकणारी मुलं परीक्षेला बसतात. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. म्हणजे निम्मे गुण आकृत्यांचे: गटात न बसणारी आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती. पेपर मराठीत मिळतो, उर्दूतही मिळतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तरं ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या गोलांच्या कागदावर, पेनने गोल भरून द्यायची असतात. एकदा भरलेला गोल खोडता येत नाही.

८० जागांचं गणित

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांच्या. किमान एक तृतीयांश मुलींच्या.

अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, पण देशाच्या सरासरीपेक्षा कमी नाहीत: जातींना निदान १५ टक्के, जमातींना निदान साडेसात. बीडमध्ये आदिवासी दीड टक्काही नाहीत, तरी तिथे ८० पैकी ६ जागा त्यांच्या. दोन्ही मिळून कमाल मर्यादा ५० टक्के. नंदुरबारमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. तिथे या मर्यादेमुळे एका विद्यालयात दोन्ही गटांना मिळून ४० च राखीव जागा होतात. अर्थात खुल्या गुणवत्तेत आलेलं मूल राखीव कोट्यात मोजत नाहीत, ते त्याच्या वरचं. यापलीकडे ओबीसींना २७ टक्के, पण केंद्राच्या यादीप्रमाणे. हे सगळे कोटे एकमेकांतून आडवे जातात. गावात शिकणारी आदिवासी मुलगी एकाच वेळी तीन हिशेबांत बसते, म्हणून टक्क्यांची बेरीज करत बसू नका.

कागदावर ही रचना बरीच उदार आहे. 

“राखीव जागा आहेत, मग अडलंय कुठे?”

एसटीत सीट राखीव असते, पण गाडी तुमच्या फाट्यावर थांबलीच नाही तर त्या सीटचा उपयोग नाही. नवोदयची गाडी जिथे थांबत नाही असे निदान चार फाटे दाखवता येतील.

पहिला, पाचवीचा वर्ग. महाराष्ट्रात वाडी-तांड्यावरच्या पुष्कळ शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल मोठ्या गावातल्या किंवा तालुक्याच्या हायस्कुलात जातं. फॉर्म सुटतो जूनमध्ये किंवा जुलैत, म्हणजे ते मूल नव्या शाळेत नुकतं आलेलं असताना. वर्गात साठ पोरं, बाईंना अजून नावं पाठ नाहीत. ज्या गुरुजींना त्याची चमक ठाऊक होती ते मागे वाडीवर राहिले. फॉर्मला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही मात्र नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांची.

दुसरा फाटा यातूनच फुटतो. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेत झालेली हवीत. यातला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तरी मूल शहरी धरलं जातं. नगरपंचायत ही कायद्याने शहरी संस्था. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या. तेव्हा तीन किलोमीटरवरच्या वस्तीवर राहणारं, शेळ्या राखून शाळेत येणारं मूल पाचवीला तालुक्याच्या हायस्कुलात गेलं की जिल्ह्याच्या शहरातल्या डॉक्टरच्या मुलाशी त्याच खुल्या जागांसाठी भिडतं. मूल ग्रामीण की शहरी हे राहण्याच्या पत्त्यावरून नाही, शाळेच्या हद्दीवरून ठरतं. फॉर्म भरताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते, आणि ती कळते निवड झाल्यावर, कागदपत्रं तपासताना.

या नियमाची दुसरी बाजूही बघायला हवी. ग्रामीण ६० जागा काढल्या की उरतात २०, आणि त्यांवरही शहरी मुलांचा एकट्याचा हक्क नाही, गावची मुलंही त्यांत येतात. राज्यातला मुस्लिम समाज बहुतांशी शहरांत राहतो. मालेगावातल्या यंत्रमाग कामगाराची उर्दू शाळेत शिकणारी मुलगी या वीसांसाठी भांडते. धर्मावर इथे राखीव जागा नाही. तिची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल आणि दाखला असेल तरच काही आधार. एका गटाला न्याय देणारा नियम दुसऱ्या गरीब गटाचं दार अरुंद करतो, आणि याची चर्चा कुणी करत नाही.

तिसरा फाटा, परीक्षेची तारीख. २०२५-२६ च्या प्रवेशाची परीक्षा आपल्याकडे १८ जानेवारी २०२५ ला झाली, त्यापुढची १३ डिसेंबर २०२५ ला. दोन्ही ऐन गळीत हंगामात. बीड, पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर निघतात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. मूल बरोबर गेलं तर परीक्षेच्या दिवशी ते दोनशे-तीनशे किलोमीटरवर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, असतं. तिकडच्या शाळेत नाव घातलं तर आणखी पंचाईत, कारण ज्या जिल्ह्याचं नवोदय त्याच जिल्ह्यात मूल पाचवीत शिकत असावं लागतं.

चौथा फाटा दाखल्याचा. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी ठराविक तारखेआधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या पालं हलत राहिली त्यांनी १९६१ आधीचा कागद आणायचा कुठून? शिवाय राज्याच्या व्हीजे (विमुक्त जाती), एनटी या वर्गवाऱ्या केंद्रात नाहीत. धनगर, वंजारी अशा जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, पण त्यासाठी केंद्रीय नमुन्यातला वेगळा ओबीसी दाखला काढावा लागतो. राज्याचा एनटी दाखला नेऊन भागत नाही. एसईबीसीचा, म्हणजे राज्याने मराठा समाजाला दिलेल्या आरक्षणाचा, दाखला इथे लागूच नाही, त्यांनी खुल्या वर्गात भरायचं.

सगळ्यांनाच तपासलं तर काय होतं?

याचं सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या ब्रोवर्ड या जिल्ह्यातून आलं आहे. तिथे शाळांमध्ये हुशार मुलांसाठी वेगळे कार्यक्रम असतात. जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या घरांतली. पण तिसरीतल्या ‘हुशार’ ठरलेल्या मुलांत त्यांचं प्रमाण २८ टक्के. पद्धत अशी होती की आधी शिक्षकाने किंवा पालकाने मुलाचं नाव सुचवायचं, मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढणार. ऐपतदार पालक खाजगी मानसशास्त्रज्ञाकडूनही चाचणी करून आणत.

२००५ मध्ये जिल्ह्याने एक साधी गोष्ट केली. दुसरीतल्या प्रत्येक मुलाला वर्गातच आकृत्यांची छोटी चाचणी दिली. तीत ठराविक गुणांवर गेलेल्यांनाच पुढे बुद्ध्यांक तपासायला पाठवलं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला (कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी). हुशार ठरलेल्यांचं प्रमाण हिस्पॅनिक मुलांत २ टक्क्यांवरून ६ वर गेलं, कृष्णवर्णीय मुलांत १ वरून ३ वर, गोऱ्या मुलांत ६ वरून ८ वर. नवी सापडलेली मुलं बरीचशी गरीब घरांतली होती, घरी इंग्रजी न बोलणारी होती आणि त्यांत मुली पुष्कळ होत्या. ती आधीही त्याच वर्गात बसत होती. त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं.

मग मंदी आली, पैसे नाहीत म्हणून ही सरसकट चाचणी थांबवली, आणि दरी पुन्हा पहिल्याएवढी झाली. मुलं बदलली नव्हती, शिक्षकही तेच होते.

शिक्षकांच्या मनात खोट असते असा याचा अर्थ नाही. हुशारी म्हटलं की डोळ्यांपुढे धीटपणे उत्तर देणारं, स्वच्छ वही ठेवणारं, घरी अभ्यास घेतला जाणारं मूल येतं. कोरकू किंवा पावरी अशी आदिवासी बोली बोलणाऱ्या घरातलं, मराठीत अजून चाचपडणारं मूल त्या चित्रात बसत नाही, गणितात ते कितीही तल्लख असो.

“म्हणजे निकष खाली आणायचे?”

हा आक्षेप येणारच. ब्रोवर्डमध्ये दोन निकष होते हे खरं: सर्वसाधारण मुलांना बुद्ध्यांक १३०, गरीब किंवा इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना ११६. पण हे दोन निकष सरसकट चाचणीच्या आधीही होतेच. सवलत आधीपासून पडून होती, ती घ्यायला मुलं येत नव्हती. बदलला तो फक्त शोधण्याचा मार्ग. आपल्याकडचं चित्र हुबेहूब असंच आहे: कोटा आहे, जागा आहेत, फॉर्म नाही.

त्याच दोन अभ्यासकांनी पुढची गोष्टही तपासली. या जिल्ह्यात शाळेत एक जरी हुशार ठरलेलं मूल असलं तरी चौथीला वेगळा वर्ग काढावा लागे, आणि उरलेल्या जागा आदल्या वर्षी चांगले गुण मिळवलेल्या मुलांनी भरत. अशा वर्गात आलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांच्या वाचन-गणितात मोठी सुधारणा दिसली. गोऱ्या मुलांना तसा फायदा दिसला नाही. संधीचा उपयोग सर्वांत जास्त त्यांनाच झाला ज्यांना ती एरवी मिळत नव्हती.

“इतक्या मुलांची चाचणी घ्यायला माणसं कुठून आणणार?”

नवी चाचणी हवीच असं नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे पॅट, होते: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. त्यात भाषा आणि गणित आहे. चौथीच्या शेवटी प्रत्येक मुलाचे गुण तयार असतात आणि शिक्षकांनी ते पोर्टलवर भरलेलेही असतात. (भरताना सर्व्हर किती वेळा बंद पडला ते त्यांना विचारा.) केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, प्रत्येक शाळेतली वरची काही मुलं काढायची आणि त्यांचे फॉर्म शाळेनेच भरायचे. पालकांना नको असेल तर त्यांनी तसं लिहून द्यायचं.

आज पालकाने ‘हो’ म्हटल्याशिवाय काही होत नाही. उद्या ‘नको’ म्हटल्याशिवाय फॉर्म थांबू नये. टेक्सास राज्याने २०२३ मध्ये नेमका असा कायदा केला. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल सहावीच्या प्रगत गणित वर्गात आपोआप जातं, पालक हवं तर नाव काढून घेऊ शकतात.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. मुलं शाळेशाळेतून काढा, तालुक्याची एकच यादी करू नका. एकत्र यादी केली की तालुक्याच्या गावातल्या दोन मोठ्या शाळाच ती भरून टाकतील आणि द्विशिक्षकी शाळेतली पहिली आलेली मुलगी खाली सरकेल. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात एका शिक्षकाला मतदार यादीचं काम, एवढ्यात तिने मिळवलेले ७० गुण आणि क्लास लावून मिळवलेले ८० गुण यांत कोण जास्त हुशार, हे सांगणं सोपं नाही.

“शेवटी क्लास लावलेलीच पोरं लागतात”

यात तथ्य आहे. आकृत्यांची परीक्षा शिकवण्यापासून अलिप्त असते असं मानतात, पण सराव आणि वेग इथेही चालतो. मानसिक क्षमतेला ४० प्रश्न आणि ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आरशातली प्रतिमा ज्याने आधी शंभर वेळा ओळखली आहे त्याला वीस सेकंद पुरतात. पहिल्यांदाच बघणारं मूल प्रश्न काय विचारलाय हे समजण्यातच मिनिट घालवतं.

पण हा फायदा संपणारा आहे. आकृत्यांचे प्रकार जेमतेम दहा आहेत, ते एकदा ओळखीचे झाले की उरतो तो वेग. तेवढी ओळख वर्गातही करून देता येते. नवोदयच्या नमुना पेपरांची जाड गाईडं लागत नाहीत, मागच्या वर्षांचे पेपर पुरतात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सराव ओएमआरचा. कोरी पत्रिका झेरॉक्स करून दर शनिवारी वीस गोल भरून घ्या. एक प्रश्न सोडून पुढे गेल्यावर गोलही एक सोडायचा असतो, हे न समजल्याने पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. उत्तरं येत असलेलं मूल असं हरतं. आणि चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, हे मुलांना निक्षून सांगा.

“चांगली पोरं उचलून नेली तर गावची शाळा ओस पडेल”

जिल्ह्यातून ८० मुलं गेल्याने शाळा ओस पडत नाहीत. नवोदयच्या एका मुलामागे होणारा खर्च आणि वाडीवरच्या शाळेतल्या मुलामागे होणारा खर्च यांतलं अंतर मात्र खरोखर विचारण्याजोगं आहे. त्याचं उत्तर नवोदयच्या फॉर्ममध्ये नाही, आणि ते मिळेपर्यंत फॉर्म अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

काय करायचं आणि कधी

चौथीच्या गुरुजींनी एप्रिलमध्येच यादी करावी आणि मूल ज्या शाळेत जाणार तिथल्या मुख्याध्यापकांकडे ती हातात द्यावी. पालकांना याच वेळी सांगायचं की पाचवीला शाळा निवडताना तिची हद्द बघा. जवळ ग्रामीण हद्दीतली पाचवीची शाळा असेल तर ती आधी.

मे महिन्यात जन्मतारीख तपासा. २०२६-२७ च्या प्रवेशाला १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ मधला जन्म हवा होता, दरवर्षी या तारखा एकेक वर्षाने पुढे जातात, आणि वयात कुठल्याच प्रवर्गाला सूट नाही. आधार आणि शाळेचं रजिस्टर यांत फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. जातीच्या दाखल्याचं कामही याच वेळी काढा. फॉर्म भरताना तो लागत नाही, पण प्रवेशाच्या वेळी लागतो आणि निकाल लागल्यावर धावपळ करून तो मिळत नाही.

फॉर्म ऑनलाइन आणि मोफत आहे. सेतूवाला भरण्याचे पैसे घेईल, परीक्षेची फी नाही. मुख्याध्यापकांच्या सहीच्या प्रमाणपत्राबरोबर फोटो आणि मुला-पालकांच्या सह्या लागतात. परीक्षेची भाषा, प्रवर्ग आणि ग्रामीण-शहरी हे तीन रकाने सबमिट करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या. शेवटच्या तारखेनंतर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडते, तेव्हा परत एकदा बघा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांशी दसऱ्याआधी बोलायला हवं. हंगामी वसतिगृह असेल तर मुलाला तिथे ठेवा, नाहीतर आजीपाशी. टोळी निघाल्यावर फोन करून उपयोग होत नाही.

निवड झालीच तर आई-बापाला आणखी दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. मूल अकराव्या वर्षी घर सोडणार आहे, आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात. हे ऐनवेळी कळलं की मुलींना परत आणलं जातं. जागा रिकामी झाल्यास प्रतीक्षा यादीतल्या मुलाला मिळते, त्यामुळे पहिल्या यादीत नाव नाही म्हणून कागदपत्रं कपाटात टाकू नका.

नाव नाहीच लागलं तर नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, ती ‘एकदाच’च्या नियमात येत नाही. त्याआधी आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ जागांचा आहे. त्याच्याही फॉर्मवर सही मुख्याध्यापकांचीच लागते.